वीस चेंडू, एकही स्विंग नाही

३ सप्टेंबर २०१५ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्कवर नॅशनल्स या बेसबॉल संघाने अटलांटा ब्रेव्ह्जचा १५-१ असा धुव्वा उडवला. त्या सामन्यात नॅशनल्सचा ब्राइस हार्पर चार वेळा बॅटिंगला आला, चारही वेळा चार बॉल, म्हणजे स्ट्राइक झोनबाहेर पडलेले आणि न मारलेले चेंडू, मिळवून पहिल्या बेसवर गेला (यालाच वॉक म्हणतात) आणि चारही वेळा फेरी पूर्ण करून होम प्लेटवर परतला. तिन्ही बेसवर आपलेच खेळाडू उभे असताना मिळालेल्या एका वॉकमुळे एक धाव ढकलल्याचे श्रेयही त्याच्या खात्यावर लागले, आणि एवढे सगळे होऊनही त्याने बॅट एकदासुद्धा फिरवली नव्हती. त्याला पडलेल्या वीसच्या वीस चेंडूंची नोंद ऑपरेटर म्हणून माझ्या हातून झाली.

चेंडूचा मार्ग कॅमेरे टिपतात, त्यामुळे स्ट्राइक झोनही, म्हणजे ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात तीही, यंत्रच ठरवत असेल अशी तेव्हा बहुतेकांची समजूत असे. प्रत्यक्षात झोनची रुंदी होम प्लेटइतकी, म्हणजे सतरा इंच, ठरलेली असली तरी उंची प्रत्येक बॅटरच्या अंगकाठीप्रमाणे आणि उभे राहण्याच्या ढबीप्रमाणे बदलते. ती ठरवण्यासाठी पडद्यावर गोठवलेल्या चित्रात एक रेषा गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यावर आणि दुसरी कमरेच्या पट्ट्यावर हाताने ओढावी लागत असे; पट्ट्याच्या वर थोडी उंची संगणक आपण होऊन धरी. चित्र क्षणभर आधीचे घेतले तर बॅटर अजून ताठ असतो आणि झोन विनाकारण उंच होतो. पुढे या रेषांवर विश्लेषणाचे इमले उभे राहतात आणि त्यांच्या जोरावर लोक अंपायरची अक्कल काढतात, तेव्हा मला अंपायरचीच बाजू घ्यावीशी वाटते.

या कामामुळे एका बॅटरचे गुडघे, कंबर आणि पावले जितकी बघायला मिळतात तितकी प्रेक्षकांना मिळत नाहीत. हार्पर डावखुरा, म्हणजे पिचरच्या, चेंडू टाकणाऱ्याच्या, बाजूचा त्याचा पाय उजवा. चेंडू सुटता सुटता तो पाय उचलून पुढे टाकतो, कंबर खाली बसते, हात मागे खेचले जातात. आणि तो खरोखर मारतो तेव्हा जोर इतका असतो की चेंडू बॅटला लागताना मागचा डावा पाय जमिनीवरून सुटलेला दिसतो. त्या रात्री प्रत्येक चेंडूवर मला उजवा पाय तसाच पुढे पडताना दिसला, कंबर तशीच बसताना दिसली, आणि हात मात्र मागेच राहिले. ताशी ९५ मैलांचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर पोचतो. त्यातला बराचसा वेळ बॅट आणण्यातच जाणार असल्यामुळे आधी पाहू, मग ठरवू, असे करणाऱ्याला मारताच येत नाही. मारायचेच आहे असे धरून निघायचे आणि शेवटच्या क्षणी थांबायचे, हीच खरी कसरत असते. आमच्या तक्त्यात या सगळ्याचा एकच शब्द उमटतो : बॉल. मारता मारता थांबलेला बॅटर आणि ढिम्म उभा राहिलेला बॅटर त्या रकान्यात एकसारखेच दिसतात, याची मला तेव्हाही चीड येई आणि आजही येते.

प्रेस बॉक्समधल्या एका सहकाऱ्याने सामना संपता संपता ‘आज हार्परने काहीच केले नाही’ असे म्हटले. तो अनुभवी माणूस होता, तरीही ते मत मला उथळ वाटले. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या सलामीवीराला आपल्याकडे निदान जाणकार तरी दाद देतात. इथे तर सोडलेल्या चेंडूंवर बेस मिळतो आणि धावाही होतात, तरी प्रेक्षकांना बॅटचा आवाजच हवा असतो.

चार वॉक म्हणजे सोळा बॉल, आणि त्याने बॅट हलवलीच नसल्यामुळे उरलेले चार चेंडू म्हणजे अंपायरने पुकारलेले स्ट्राइक. मला सोळांपेक्षा त्या चारांचे कुतूहल जास्त आहे. बॉल सोडायला नजर लागते. स्ट्राइक सोडायला, हा झोनमध्ये असला तरी माझ्या कामाचा नाही, असे ठरवण्याची हिंमत लागते. २०१४ मध्ये हार्पर शंभर सामने खेळला, त्यात त्याचे वॉक ३८ आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होणे, १०४ होते. २०१५ च्या मोसमात वॉक १२४ झाले, होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकारच, १३ वरून ४२ वर गेले आणि स्ट्राइकआउट १३१ राहिले. तो नुसता सबुरीने खेळू लागला असता तर होमरन वाढले नसते. त्याच वर्षी ६ मे रोजी याच मैदानावर मायामीविरुद्ध त्याने सलग तीन वेळा बॅटिंगला येऊन तीन होमरन मारले होते. मे महिन्यातला तो हल्ला आणि सप्टेंबरमधला हा संयम एकाच पारखीतून आलेले आहेत, असे माझे ठाम मत आहे. त्या मोसमाचा नॅशनल लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा एमव्हीपी पुरस्कार त्याला एकमताने मिळाला, आणि एकमताने निवडला गेलेला तो सर्वांत तरुण खेळाडू ठरला.

तरीही या वीस चेंडूंचा हिशेब माझ्या मनात पुरता लागलेला नाही, कारण त्या रात्री अटलांटाची गोलंदाजीच विस्कटलेली होती आणि चार वॉकांतला काही वाटा निश्चितच त्यांचा होता. शिवाय पुढच्या वर्षी ८ मे २०१६ रोजी शिकागोत कब्ज संघाने हार्परला खेळूच द्यायचे नाही असे ठरवून टाकले : तेरा डावांत तो सात वेळा बॅटिंगला आला, सहा वेळा वॉक मिळाला, एकदा चेंडू अंगावर लागला, आणि नॅशनल्स सामना ४-३ असा हरले. अटलांटाविरुद्ध तो चारही वेळा घरी परतला, कारण त्याच्यामागच्या बॅटरांनी त्याला परत आणले. शिकागोत तो सातही वेळा बेसवर पोचला, पण मागचे हात रिकामे राहिले. २०१६ मध्ये त्याचे वॉक १०८ होते आणि बॅटिंग सरासरी मात्र .३३० वरून .२४३ पर्यंत घसरली. नजर तीच असताना मारण्याजोगे चेंडू गेले कुठे, की येत असूनही तो ते हुकवत होता, हे समजायचे तर सोडलेल्या प्रत्येक चेंडूवर त्याचे हात कुठवर आले होते याची नोंद हवी होती. तसा एक रकाना वाढवावा असे मी वरिष्ठांना सुचवले, तेव्हा ऑपरेटरच्या नजरेला विदा (डेटा) म्हणता येत नाही, असे उत्तर मिळाले. गुडघ्याची आणि कमरेची रेषा मात्र ते पुढेही त्याच नजरेकडून ओढून घेत राहिले.