पांढरी पाच

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नाटकाच्या दिग्दर्शिकेचा फोन. चहाचा कप अजून हातातच होता.

"दादा, तो पियानो नाही चालणार."

"का गं?"

"शोरूममधला वाटतोय."

शब्द झोंबला, कारण खरा होता. आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत बसून मी जे तिला पाठवलं होतं ते स्वच्छ होतं, चकचकीत होतं, आणि त्यात कोणी राहत नव्हतं.

माझा गंगापूर रोडला दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, लग्नाचे व्हिडिओ, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, यावर तो चालतो. नाटकांची कामं मी पैशासाठी घेत नाही, म्हणजे पैसे मिळतच नाहीत. हे नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसत होतं. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेला एक माणूस, आणि शेवटची तीन मिनिटं संवाद नाही. फक्त प्रकाश आणि पियानो. महिनाभर तालमी चालल्या होत्या त्या ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने १९८१ साली वाजवलेल्या, बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समधल्या सुरुवातीच्या आरियावर, म्हणजे मूळ चालीवर. नटाचं प्रत्येक वळणं, चष्मा काढून ठेवणं, सगळं त्या सुरांना बांधलेलं. पण ते ध्वनिमुद्रण बाजारात आलं १९८२ साली, आणि आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षं टिकतो. बाखने ही रचना छापली १७४१मध्ये, ती सगळ्यांचीच. म्हणजे सूर घ्यायला मोकळे, गूल्डचा आवाज मात्र नाही. म्हणून ती माझ्याकडे आली होती: "दादा, तसाच बनवा ना."

तसाच म्हणजे कसा, इथेच मी पहिला मार खाल्ला. गूल्ड म्हटलं की स्टाइनवे कंपनीचा पियानो, हे डोक्यात इतकं पक्कं की आदल्या रात्रीचे तीन तास मी स्टाइनवेचे सॅम्पल चाळण्यात घालवले. एकेका पट्टीचे मऊ ते जोरकस असे कित्येक आघात रेकॉर्ड केलेली, हार्डडिस्कचे वीस-वीस जीबी खाणारी लायब्ररी. फोन ठेवल्यावर आठवलं, की त्याचा लाडका स्टाइनवे, सीडी ३१८ नंबरचा, १९७१ साली वाहतुकीत पडून मोडला होता. दुरुस्त्या झाल्या, पण तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. १९८१चं गोल्डबर्ग न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत वाजलं ते यामाहाच्या पियानोवर. मी तीन तास भलत्याच माणसाच्या घराची बेल वाजवत होतो.

मग सॅम्पल बाजूला ठेवले आणि पियानोटेक नावाचं सॉफ्टवेअर उघडलं. यात रेकॉर्ड केलेला आवाज नसतो. तार, हातोडी, लाकडी फळी यांचं गणित करून आवाज तिथल्या तिथे तयार होतो. त्यामुळे हातोडी किती कडक, माइक तारांपासून किती लांब, झाकण किती उघडं, हे सगळं हातात येतं. माइक जवळ ओढले. हॉलची घुमक जवळजवळ काढून टाकली, कारण त्या रेकॉर्डवर पियानो आपल्या मांडीवर ठेवल्यासारखा ऐकू येतो. हातोडी थोडी कडक केली. अकरापर्यंत आवाजाचा पोत बऱ्यापैकी जमला होता. तरी वाजवलं की शोरूमच.

आरिया बत्तीस मात्राखंडांची. नोटेशन बघून मी ती माउसने एकेक सूर टिपून भरली होती, आणि मग 'माणसासारखं वाटावं' म्हणून वेळ थोडी इकडेतिकडे केली होती. हे सगळेच करतात. त्याने माणूस येत नाही, दारू प्यायलेलं यंत्र येतं.

सव्वाअकराला काका आले. त्र्यंबकजवळच्या एका गावात पेटी वाजवतात, पासष्टीच्या पुढचे. मंडळाच्या अभंगांचं मिक्सिंग ऐकायला आले होते. मी म्हटलं, "काका, दहा मिनिटं बसा, हे संपवतो." ते सतरंजीवर बसले आणि स्पीकरकडे कान लावला. मी तुलनेसाठी मूळ रेकॉर्ड लावली होती. काका पूर्ण तीन मिनिटं हलले नाहीत. संपल्यावर विचारलं,

"हा माणूस पेटी वाजवायचा का रे?"

मी हसलो. मग हसू थांबलं.

पियानोला उजव्या पायाखाली पेडल असतं. ते दाबलं की बोट उचललं तरी सूर रेंगाळतो, आणि बहुतेक वादक त्या रेंगाळण्यावरच रंग भरतात. गूल्ड ते फार कमी वापरायचा. त्याचा सूर बोट उचललं की संपतो. दोन सुरांमध्ये केसाएवढी फट असते, आणि ती फट प्रत्येक ठिकाणी वेगळी. बाखने हे लिहिलं तेही पियानोसाठी नव्हेच, पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या हार्पसिकॉर्ड या जुन्या वाद्यासाठी. त्यात पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. मग वादकाच्या हाती उरतं काय? सूर कधी सुरू होतो, आणि कधी सुटतो. पेटीचंही तेच. मी आठवडाभर सूर कसा लागतो यावर डोकं फोडत होतो, आणि काकांनी तो कसा सुटतो ते ऐकलं होतं.

"काका, वाजवता का?"

"मला इंग्रजी येत नाही."

"सरगम सांगतो ना."

"सा कुठला?"

"पांढरी पाच."

म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. खालचा सूर ओळखायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. पहिल्या आठ खंडांचा पाया त्यांनी मांडीवर बोटं आपटत म्हणून दाखवला: सा नि ध प, ग म प सा. "हा तर पलटा आहे!" तीसही व्हेरिएशन्स, म्हणजे आरियाची बदललेली रूपं, याच पायाच्या आराखड्यावर उभ्या आहेत हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग बरोबरच आहे. पाया पक्का असला की वर काहीही करा."

खुर्चीवर बसायला त्यांनी साफ नकार दिला. कीबोर्डचा स्टँड कितीही खाली केला तरी जमिनीवर बसलेल्या माणसाला उंचच. शेवटी टीपॉय ओढला, त्यावर कीबोर्ड ठेवला. तरीही त्यांचे कोपर पट्ट्यांच्या खालीच राहिले. वरून दाबण्याऐवजी बोटं पट्टी स्वतःकडे ओढत होती. मला एकदम गूल्डची ती घडीची खुर्ची आठवली. वडिलांनी पाय कापून दिलेली, जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. आयुष्यभर तीच घेऊन तो हिंडला, आणि नाक पट्ट्यांना टेकेल इतका वाकून वाजवायचा. ही खुर्ची म्हणजे त्याचा विक्षिप्तपणा, असंच मी आजवर समजत होतो.

चार-चार खंडांचे तुकडे करून काम सुरू झालं. मी मूळ तुकडा दोनदा ऐकवायचा, काका सरगममध्ये पुटपुटायचे, मग वाजवायचे. पहिल्याच ओळीत दोन सा, मग रेवर छोटी नक्षी. बाखच्या नोटेशनमध्ये ती नागमोडी रेघ असते. काकांनी तिला मुरकी म्हटलं आणि पहिल्या झटक्यात लावली. त्यांच्याकडे वाजवायला हात एकच, उजवा. डावा पन्नास वर्षं भात्यावर. म्हणून वरची चाल आधी, पाया नंतर त्याच हाताने. मधले सूर मी भरले.

अडचण दुपारी दिसली. कीबोर्ड प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत नोंदवतो. काकांचे सगळे आकडे ९६ ते १०४मध्ये. पेटीची पट्टी पूर्ण दाबायची असते, जोर भात्यातून येतो. त्यांनी जन्मात कधी पट्टी 'हळू' दाबलीच नव्हती. फटी अस्सल, पण चढउतार शून्य.   

माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. तो हवेत हलत होता. न दिसणारा भाता.

कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चाक असतं, एरवी सूर थरथरवायला वापरतात. त्याचा आवाजाशी असलेला संबंध तोडला आणि काकांना म्हटलं, "हा भाता समजा." चाक शून्यापासून १२७पर्यंत जातं. नंतर मी प्रत्येक सूर ज्या क्षणी सुरू झाला त्या क्षणीचा चाकाचा आकडा घेतला आणि तोच त्या सुराचा जोर म्हणून लावला. सूर चालू असताना चाक फिरलं ते टाकून दिलं, कारण पियानोचा सूर एकदा लागला की फुगत नाही, विरतच जातो. पाचशेच्या वर सूर, आणि हे काम हाताने. मध्ये वीज गेली तेव्हा यूपीएस बीप करत होता आणि मी फाइल सेव्ह करत देवाचं नाव घेत होतो.

तुकडे जोडताना मन खात नव्हतं. गूल्डने १९६४मध्ये जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि टेप कापून-जोडून रेकॉर्ड घडवणं ही कला आहे असं उघडपणे मांडलं. मोठं काम करणारेही आहेत: झेन्फ नावाच्या कंपनीने २००६ साली त्याच्या १९५५च्या रेकॉर्डिंगमधून प्रत्येक पट्टीचा आघात काढला आणि आपोआप वाजणाऱ्या यामाहावर ते पुन्हा वाजवलं. माझ्याकडे टीपॉय होता.

सहा वाजता दिग्दर्शिका स्वतः आली. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "मागे कोण गुणगुणतंय?"

छातीत धस्स झालं. आवाज मेमरीत बनत होता, त्यात माणूस येईल कुठून? मग दिसलं: अभंगांसाठी लावलेला माइक दिवसभर चालू, आणि तो ट्रॅक मी बंदच केला नव्हता. काका सरगम म्हणत होते, अगदी हलक्या आवाजात. गूल्डही असाच गुणगुणायचा, रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतं.

"राहू दे ना," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. आमचं जरा वाजलं. तिचं म्हणणं, यानेच जिवंत वाटतं. माझं म्हणणं, रंगमंचावर नोट प्रेसमधला एकटा माणूस आहे, प्रेक्षक दुसरा माणूस शोधत बसतील. शिवाय गूल्डचं गुणगुणणं मुद्दाम घालायचं म्हणजे मिमिक्री. काकांना विचारलं. ते म्हणाले, "मी गात होतो? छे!" ट्रॅक बंद केला. अजूनही त्याबद्दल मला पूर्ण खात्री नाही.

साडेसातला काका उठले. सीबीएसवरून त्र्यंबकची गाडी गाठायची होती आणि पहाटे काकडा होता. अभंगांचं मिक्सिंग ऐकायचं राहूनच गेलं. मानधनाचं पाकीट त्यांनी खिशात घातलं, चपला शोधल्या आणि दारातून वळून म्हणाले,

"आठव्याला तो खालचा सा जरा लांबलाय बघ."

गेल्यावर मी तो सूर स्क्रीनवर मोठा करून पाहिला. पुढच्या सुरावर पस्तीस मिलिसेकंद चढला होता. कापला.