स्वागत समारंभातील सूर

स्वागत समारंभात नवदांपत्याला भेटण्यासाठी लागलेली रांग, जेवणाची लगबग आणि फार दिवसांनी भेटलेल्या आप्तांच्या गप्पा हे सारे एकाच वेळी चालू असते; म्हणून तेथील संगीताने बोलण्याला वाव द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सकाळी मुहूर्ताला लावलेले सनईवादनच संध्याकाळी पुन्हा लावले जाते, हे मला मनापासून खटकते. भैरव आणि तोडी हे सकाळचे राग आहेत. दिवेलागणीनंतर यमन, पुढे बिहाग किंवा बागेश्री घेतला, तर सभागृहाचा सारा नूरच पालटतो. ज्यांच्यामुळे सनईला मैफलीत मानाचे स्थान मिळाले आणि ज्यांना २००१ मध्ये भारतरत्न मिळाले, त्या उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची ध्वनिमुद्रणे सहज उपलब्ध असताना निवडीत आळस कशासाठी?

प्रत्यक्ष वादन परवडत असेल तर जलतरंगाचा जरूर विचार करावा. चिनी मातीच्या वाडग्यांत कमी-अधिक पाणी भरून जुळवलेले ते सूर ऐकायला आणि पाहायला मुलेही रेंगाळतात. मात्र नाद नाजूक असल्याने माईक जवळ हवा.

समारंभ लॉनवर असल्यास ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो, त्यामुळे नाचाची गाणी आधीच घ्यावीत. गाण्यांची यादी करताना शब्दही नीट ऐकावेत, कारण कित्येक गोड चालींची गीते प्रत्यक्षात विरहाची असतात.