14 जानेवारी आणि आमच्या साठ खुर्च्या

दरवर्षी 14 जानेवारीला रोह्यात आमच्या मंडळाची चिंतामणराव देशमुखांची जयंती असते आणि दरवर्षी माझं डोकं एकाच गोष्टीने फिरतं, त्याच दिवशी संक्रांत! बायका वाणाच्या गडबडीत, पोरं गच्चीवर पतंग घेऊन आणि साठ खुर्च्यांवर माणसं बावीस. संक्रांत 15 ला सरकली की जरा बरं असतं. 1896 ला जन्म घेताना त्यांनी आपला विचारच केला नाही हा आमच्या अध्यक्षांचा ठरलेला जोक, हसतो फक्त आम्ही कमिटीवाले.

हार, दिवा, प्रास्ताविक होतं नेहमीसारखं. मग शाळेतल्या पोरांची भाषणं. महाडजवळच्या नाते गावी जन्म, बालपण आपल्या रोह्यात, 1912 ला मॅट्रिकला पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि 1956 ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रीपदाचा राजीनामा. इथे टाळ्या पडतात, पडायलाच हव्यात, आपल्या कुलाब्याचेच, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याचेच खासदार ना ते! पण गाडी तिथेच थांबते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग 1962 ते 67 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, हे सगळं पोरं एका दमात उरकून खाली उतरतात.

म्हणून मी आमच्या एसटीतल्या रिटायर कंडक्टर काकांची वाट बघत बसतो. ते कागद आणत नाहीत. चिंतामणराव कुलगुरू झाले त्याच 1962 ला दिल्ली विद्यापीठात पोस्टाने शिकायचे कोर्स सुरू झाले, म्हणजे नोकरीवाल्यालाही डिग्री, एवढं सांगतात आणि मग स्वतःवर येतात, मुक्कामाची गाडी लावून देवळात कंदिलापाशी बसून बाहेरून बीए कसं केलं, इंग्रजी तिसऱ्या खेपेला कसं सुटलं. तिथे दरवर्षी त्यांचा आवाज जातो आणि मी उगाच माईकची वायर बघायला उठतो.

आता आभार, कारण मागच्या वेळी एक नाव राहिलं आणि वर्षभर ऐकून घेतलं. खुर्च्या लावणारी दहावीची पोरं, रांगोळीवाल्या ताई, अर्ध्या भाड्यात साउंड देणारा, फोटोची काच पुसणारे शिपाईमामा, चहावाल्या काकू, तिळाच्या वड्या पाठवणाऱ्या तिघी वहिनी (चौथीच्या पण आल्या होत्या, उशिरा), हार आणणारा भाचा. आणि हां, सतरंजी देणारे भाऊ! ती अजून परत गेलेली नाही, कोणाकडे आहे ते सांगा बाबांनो.