एकटीचा टेंट निवडताना

रतनवाडीतून निघायचं, कात्राबाईची खिंड चढायची, कुमशेतवरून पाचनई गाठायची आणि मग हरिश्चंद्रगड. ही वाट सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन एकटीने करायची, असं बरेच दिवस मनात होतं. आडवा येत होता तो टेंट. माझ्याकडे होता तो दोघांचा, फायबरच्या काठ्यांचा, पावणेतीन किलोंचा. पाणी, शिधा, स्लीपिंग बॅग धरून सॅक चौदा किलोंवर जायची. माझं वजन बावन्न. खिंडीच्या चढावर हे गणित जमत नाही, हे कळायला शास्त्र लागत नाही.

आईचं म्हणणं सरळ होतं. ‘‘अगं, रतनगडावर गुहा आहे, हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, खाली गावात कुणाची तरी पडवी असतेच. कापडाच्या खोपटात कशाला झोपायचं?’’ तिचं चूक नाही, मीही वर्षानुवर्षं तशीच झोपत आले. पण शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडाच्या गुहेत जागा मिळवणं म्हणजे काय ते जाणारे जाणतात. शिवाय एकटी बाई असले की कपडे बदलायला, नुसतं पाठ टेकायला आपली अशी एक चेन लावता येणारी जागा लागते. आणि खरं सांगायचं तर पाय थकतील तिथे, गावाजवळच्या एखाद्या बांधावर, मालकाला विचारून थांबता यावं हा खरा लोभ होता. विचारणं महत्त्वाचं, कारण हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. जंगलात वाटेल तिथे टेंट ठोकता येत नाही.

शोधायला बसले तर पहिला घोळ वजनाचाच. जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा नुसत्या कापडाचा आणि काठ्यांचा असतो. पेग म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या, ताण द्यायच्या दोऱ्या, पिशवी, खाली अंथरायचं कापड हे सगळं त्यात नसतं. एका मैत्रिणीचा ‘सव्वा किलो’चा टेंट मी घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक तुकडा मोजला, बेरीज दीड किलोला टेकली. तेव्हापासून मी कागदावर दोनच रकाने ठेवले: सॅकमध्ये जाईल तेवढं सगळं वजन, आणि किंमत. बाकीचे आकडे नंतर.

कागदावर माझी मर्यादा होती एक किलो, सगळं धरून. त्या वजनात दोनच घराणी उरतात. एक, स्वतःच्या अॅल्युमिनियमच्या बारीक काठ्यांवर उभे राहणारे, त्यातले बरेचसे किलोच्या थोडे पुढेच जातात. दोन, ज्यांना स्वतःच्या काठ्याच नाहीत, आपले ट्रेकिंग पोल खांब म्हणून वापरायचे. गुडघ्यांमुळे मी दोन पोल घेऊन चालतेच, म्हणजे ते वजन तसंही बरोबर असतं. मग खांबांचं वजन दुसऱ्यांदा का वाहायचं?

कापडाचंही एक वेगळं प्रकरण आहे. सगळ्यात हलकं ते डायनीमा कंपोझिट, पूर्वी क्युबेन फायबर म्हणायचे ते. पाणी अजिबात पीत नाही, ओलं होऊन सैलही पडत नाही, पण त्याचे टेंट बहुतेक पाचशे डॉलरच्या पुढेच सुरू होतात. तेवढ्यात मी हिमालयात एक चांगला ट्रेक करून येईन. तो विषय तिथेच संपला. त्याखाली सिलनायलॉन आणि सिलपॉली, म्हणजे सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन आणि पॉलिस्टर. नायलॉन ताकदीला चांगलं, पण ओलं झालं की सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखा कडक लावलेला टेंट पहाटे पोट सुटल्यासारखा लोंबतो आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिस्टर पाणी फारसं धरत नाही, म्हणून ते तसं लोंबत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत गडावर जे दव पडतं ते पाहता मला हा फरक छोटा वाटला नाही.

आणखी एक गोष्ट परदेशी माहितीत ओझरती येते, पण आपल्याला नीट समजून घ्यायला हवी. स्वस्त टेंटच्या आतून जो पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेला असतो, तो दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की विघटतो. कापड चिकट होतं, आंबूस कुबट वास येतो, थर पापुद्र्यासारखा सुटतो. माझ्या जुन्या टेंटचं नेमकं हेच झालं होतं, आणि आमच्या घरी पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते म्हटल्यावर त्यात नवल नव्हतं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेलं कापड असं होत नाही, पण त्याच्या शिवणीवर पट्टी चिकटत नाही. सिलिकॉनचा सीलंट आणून ब्रशने स्वतः शिवणी भराव्या लागतात. मधला मार्ग म्हणजे बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीईयू. हा पीयूचाच भाऊ, पण दमटपणाला पुष्कळ जास्त दाद न देणारा, आणि शिवणींवर कारखान्यातूनच पट्टी मारून येतो.

पाण्याच्या दाबाचे आकडे, म्हणजे ते १२००, २०००, ३००० मिलिमीटर, यांच्या मागे मी फार लागले नाही. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर ते झिरपायला लागतं, एवढाच त्याचा अर्थ. भर जुलैत सह्याद्रीत मी टेंटमध्ये झोपणारच नाही, तेव्हा आईची पडवीच बरी. ऑक्टोबरातला परतीच्या पावसाचा तडाखा सोसला की पुरे.

वाफेचा विचार मात्र खूप केला. रात्रभरात माणसाच्या श्वासातून आणि अंगातून पाव लिटरच्या घरात पाणी बाहेर पडतं. एकाच थराच्या टेंटमध्ये त्याचे गार कापडाला लागून थेंब होतात, आणि कूस बदलली की स्लीपिंग बॅगचं तोंड ओलं. असले एका थराचे टेंट अमेरिकेतल्या कोरड्या हवेत लोक आनंदाने वापरतात. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री दव आणि आत श्वास, दोन्हीकडून भिजणार. म्हणून बाहेर फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं कापड, आणि आत जाळी, असे दोन थर मी ठरवूनच टाकले. जाळीचं दुसरं कारण जास्त देशी आहे: विंचू आणि फुरसं. वजन वाचवायला नुसत्या ताडपत्रीखाली झोपणारे लोक मला आवडतात, पण ते कातळाच्या फटींशेजारी झोपत नाहीत.

आता कातळ. इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

ट्रेकिंग पोलवरच्या टेंटला कोपरे ताणले तरच आकार येतो, आणि कोपरे ताणायला पेग जमिनीत जावा लागतो. कोकणकड्याजवळच्या पठारावर चार बोटं मातीखाली बेसाल्ट लागतो, कोकणात सड्यावर जांभा. पेग वाकतो, जात नाही. म्हणून अनुभवी मंडळी सांगतात, स्वतःच्या पायावर उभा राहणाराच टेंट घे. मैत्रिणीचा टेंट तसाच होता, नेचरहाइकचा क्लाउड अप. तो मी दोन वेळा मागून घेऊन गेले. उभा राहिला, अगदी मिनिटांत. पण कड्यावरून वारा उठला तेव्हा त्याचे कोपरेही दगडांनाच बांधावे लागले, नाहीतर माझ्यासकट पालथा झाला असता. तेव्हा डोक्यात आलं: दगड बांधायचेच असतील तर त्या अर्ध्या किलोच्या काठ्यांनी मला नेमकं काय दिलं?

घरी आल्यावर सोसायटीच्या गच्चीवर प्रयोग सुरू केले. गच्चीइतका प्रामाणिक कातळ शहरात दुसरा नाही, तिथे पेग लावायचा मोहच होत नाही. जुनी चादर, दोन पोल, नायलॉनची दोरी आणि बिल्डरने टाकून दिलेल्या विटा. जमलेली पद्धत अशी: कोपऱ्याची दोरी हातभर जास्त ठेवायची. तिच्या टोकाचा फास एका लांबट छोट्या दगडाभोवती घालायचा आणि तो जमिनीवर आडवा ठेवायचा. मग त्याच्या पुढे, टेंटच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड टेकवायचा. वारा ओढायला लागला की छोटा दगड मोठ्याला अडतो आणि पकड आणखी घट्ट होते. नुसती दोरी मोठ्या दगडाला गुंडाळण्यापेक्षा हे किती तरी बरं, कारण ताण कमी-जास्त करायला दगड सरकवला की झालं. बेसाल्टच्या धारेवर दोरी घासते तिथे मोज्याचा तुकडा घालायचा. (गडावर हे दगड तटाचे, जोत्याचे किंवा देवळाच्या पडझडीतले उचलायचे नाहीत. हे सांगावं लागतं, कारण उचलताना पाहिलंय.)

आमच्या मजल्यावरचे काका कपडे वाळत घालायला आले होते. त्यांनी चादरीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘‘लग्न कुणाचंय?’’

एवढं झाल्यावर यादी पटकन आटली. एका पोलवर उभा राहणारा लानशान १ स्वस्तातला चांगला पर्याय होता, नऊशे ग्रॅमच्या आसपास, दोन थरांचा. पण खांब एकच असल्याने बसल्यावर पाय आणि डोकं या दोन्ही बाजूंना छत उतरत येतं. कॅनडातल्या डर्स्टनचा एक्स-मिड १ दोन पोलवर उभा राहतो. फ्लाय चौकोनी, पोल कर्णाच्या रेषेत, चार कोपरे ताणले की काम झालं. सिलपॉली, पीईयू, शिवणींना पट्टी, दोन्ही बाजूंना दार, वजन पेग सोडून आठशे ग्रॅमच्या आसपास. चारच दगडांत उभा राहतो हे मला सगळ्यात जास्त पटलं. आधी फ्लाय उभी राहते आणि आतली जाळी नंतर टांगता येते, म्हणजे पाऊस असेल तर झोपायची जागा कोरडी राहते.

त्याचे तोटेही लिहून ठेवले होते. पसारा मोठा, अडीच मीटर बाय एक मीटर सत्तर सपाट जागा हवी. गडावरच्या अरुंद माचीवर तेवढी मिळेलच असं नाही. आणि टेंट उभा ठेवून पोल घेऊन शिखरावर फिरायला जाता येत नाही, पोल काढले की घर पडलं. एकाच जागी मुक्काम करून फिरणाऱ्याने हा घेऊ नये. मी पुढे पुढे चालणारी, मला ती अडचण नाही.

मापं कागदावर पटली तरी अंग पटायला हवं. हॉलच्या फरशीवर खडूने आतल्या जागेचा आयत आखला, सत्तर सेंटिमीटर रुंद, सव्वादोन मीटर लांब. त्यात मॅट फुगवून झोपले, कूस बदलली, बसून मोजे घातले. माझी उंची पाच फूट तीन इंच, डोक्यापाशी सॅकमधलं सामान ठेवायलाही जागा उरली. सहा फुटी माणसाने हाच प्रयोग मॅटच्या जाडीसकट करावा. मॅटने उचलल्यामुळे पायाचा अंगठा आणि नाक, दोन्ही उतरत्या कापडाच्या जवळ जातात.

आणायचा कसा? भारतातल्या एका विक्रेत्याकडे चौकशी केली तर त्याने आधी पैसे भरायला सांगितले आणि मग तीन आठवडे ‘माल येतोय’ एवढंच. पैसे भरले नव्हते, म्हणून राग नाही, नुसता वैताग. कुरिअरने मागवायचा तर सीमाशुल्क आणि वर त्यांचा हाताळणीचा खर्च. शेवटी मराठी घरात होतं तेच झालं. न्यू जर्सीचा भाचा दिवाळीत येणार होता, त्याला सांगितलं. ‘‘मावशी, बाकीचे लोक चॉकलेट मागवतात,’’ एवढं बोलून त्याने आणला. पेग मी वेगळे घेतले, अॅल्युमिनियमचे वाय आकाराचे सहा, आणि ते चेक-इन सामानात टाक म्हणून दोनदा बजावलं, केबिनमध्ये अडवतात. सगळं मिळून माझ्या काट्यावर नऊशे चाळीस ग्रॅम भरलं. जुन्याशी तुलना केली तर पावणेदोन किलोंहून जास्त उतरलं.

ठरवलेली वाट जानेवारीत झाली. कुमशेतच्या अलीकडे एका शेताच्या कडेला, मालकाला विचारून, पहिल्यांदा लावला. तिथे माती होती, पेग गेले. पोल एकशेवीस सेंटिमीटरवर, चार कोपरे, मग जाळी. शेतकरी दादा वाकून आत बघत म्हणाले, ‘‘ताई, ह्यात येकटंच मावतं व्हय?’’ मग त्यांनीच सांगितलं की ओढ्याच्या अंगाला नको, पहाटे तिकडूनच गार येतं. वीस पावलं वर सरकले. ती वीस पावलं फार कामाची निघाली: पहाटे खालचं गवत पांढरं दिसत होतं आणि माझ्या फ्लायला आतून थोडीच ओल होती, रुमालाने पुसण्याइतकी. जाळी कोरडी.

हरिश्चंद्रगडावर पेग बाहेरच काढले नाहीत. चार दगड, चार छोटे दगड. रात्री वारा होता आणि कापड फडफडत होतं, त्यामुळे झोप तुकड्यातुकड्यांत लागली. दोन्ही बाजूंच्या मधल्या दोऱ्या सुरुवातीलाच ताणल्या असत्या तर आवाज कमी झाला असता, पुढच्या वेळी तसं करणार. माकडांसाठी मात्र कुठलंच कापड पुरेसं नाही. खाणं टेंटमध्ये ठेवून देवळात जायचं नाही, ते जाळी फाडतात, आणि जाळीचं ठिगळ किती ग्रॅमचं असतं हे मला शोधायचं नाही.

परत आल्यावर दोन दिवस पंख्याखाली वाळवला आणि आवळून न भरता सैल सुती पिशवीत ठेवलाय. आता मॅटकडे मोर्चा आहे. साडेपाचशे ग्रॅमची आहे, आणि भाचा मे महिन्यात परत येतोय.