सहा आठवड्यांत चिनी येते का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच काढते, कारण कॉलेजच्या ज्युनिअर्सपासून आईच्या भिशीतल्या काकूंपर्यंत सगळे हेच विचारतात, की सुट्टीत सहा आठवडे चीनला जाऊन भाषा येते का, की नुसतेच पैसे जातात. मी २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गेले होते, बीजिंगच्या भाषा आणि संस्कृती विद्यापीठात, समर कोर्सला. भाषा येत नाही हो. पण कान तयार होतो, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी जावं.

सकाळी आठ ते बारा क्लास, आणि रोज आल्या आल्या थिंग-श्ये, म्हणजे शुद्धलेखन: मॅडम शब्द बोलणार, आपण अक्षरं काढायची. अक्षरं घोकून येतात, त्याचं मला टेन्शन नव्हतं. उच्चारांची मात्र धास्ती होती, आणि तिथे आपली मराठी इतकी उपयोगी पडली की मी आजही सगळ्यांना सांगत सुटते. रोमनमध्ये बी लिहितात तो खरं तर आपला प आहे, आणि पी लिहितात तो फ, ओठ मिटून म्हटलेला, 'फळ'मधला. तसंच त-थ, तसंच क-ख. बीजिंग हे तिथे पेइचिंगच्या जवळचं ऐकू येतं. माझ्या शेजारच्या इटालियन मुलीला प-फ मधला फरक ऐकूच यायचा नाही, ती तोंडासमोर कागद धरून, तो हलतो का बघत प्रॅक्टिस करायची, आणि आपण तर हे बाराखडीत शिकून बसलोय! वर आपल्याकडे दोन च आहेत, चहातला आणि चमच्यातला. चिनीतही ते दोन्ही जवळपास तसेच आहेत, शिवाय जीभ वळवून म्हणायचा तिसरा. चहा हा शब्दही मुळात तिकडचाच.

सूर मात्र आपल्याकडे नाहीत. चिनीत चार सूर आहेत, आणि सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. विकत घेणं म्हणजे माइ आणि विकणं म्हणजेही माइ, फक्त पहिल्यात आवाज खाली जाऊन वर येतो, दुसऱ्यात वरून एकदम खाली पडतो. विद्यापीठाच्या गेटजवळ एका आजींचं फळांचं दुकान होतं, पहिल्या आठवड्यात मी तिथे जाऊन पीच विकायचेत असं म्हणाले. आजींनी हातातलं काम ठेवलं, बोट हवेत खाली नेऊन वर आणलं, आणि माझा सूर बरोबर लागेपर्यंत तीन-चारदा म्हणून घेतलं, मग एक चिन पीच तोलले (चिन म्हणजे अर्धा किलो). त्यानंतर मी रोज जायला लागले, पीच नको असले तरी.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं कुठली, मी म्हटलं यिन्तू, म्हणजे भारत. त्यांचा चेहरा एकदम खुलला आणि त्या काहीतरी म्हणाल्या, परत म्हणाल्या, तीनच अक्षरं होती पण मला काही पत्ता लागेना. रात्रभर ते डोक्यात फिरत राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी वही नेली आणि त्यांच्याकडून लिहून घेतलं. मॅडमनी वाचलं: ख-ती-ह्वा. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव.

मी सोलापूरची. कोटणीस आमच्या गावचे, त्यांचं स्मारक आहे आमच्याकडे, आणि इतक्या लांब कुणीतरी आपुलकीने त्यांचं नाव घेतंय आणि मला ते ऐकूच येत नाहीये, याने मला वर्गातच रडू आलं. १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून ते युद्धातल्या चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, मुलाचं नाव यिन-ह्वा ठेवलं, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. डिसेंबर १९४२ मध्ये वारले तेव्हा फक्त ३२ वर्षांचे होते, मुलगा काही महिन्यांचा.

पुढच्या रविवारी मी फास्ट ट्रेनने शिच्याच्वांग शहरात गेले, तिथल्या शहीद स्मारकात त्यांची समाधी आहे, कॅनडाच्या डॉक्टर बेथ्यून यांचीही तिथेच आहे. दगडावरची तीन अक्षरं मी स्वतः वाचली, मोठ्याने, पहिला सूर, चौथा, दुसरा. बाजूला नातवाला घेऊन एक आजोबा उभे होते, त्यांनी मान डोलावली. परत आल्यावर फळवाल्या आजींना फोटो दाखवले, त्या दिवशी त्यांनी पीचचे पैसे घेतले नाहीत.

खाण्याचंही विचारता म्हणून: शाकाहारी असाल तर 'वो छ्र सू' (मी शाकाहारी खाते/खातो) एवढं पाठ करा, आणि कँटीनमध्ये ती-सान-श्येन मागा, बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, भाताबरोबर मस्त लागतं. पण मांसाचे तुकडे किंवा मटणाचं पाणी घातलंय का हे दरवेळी विचारा, अंदाजाने खाऊ नका. आणि पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, इथूनच पक्कं करून जा, नाहीतर पहिले दोन आठवडे त्यातच जातात आणि दुपारी आजींशी बोलायचं राहून जातं.