बोट मुरगावला लागली, आम्ही कवळ्याला गेलो

क्रूझचं तिकीट काढायच्या आधीपासून सासूबाईंचा एकच प्रश्न होता, "गोव्याक बोट किती वेळ थांबतली?" बोटीवर पोहायचा तलाव आहे, रात्री जादूचे प्रयोग असतात, सकाळचा नाश्ता अकरापर्यंत चालतो, यातलं काही त्यांच्या कानात शिरतच नव्हतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाल्या, "मगे कवळ्याक जावन येवया."

कवळ्याची शांतादुर्गा ही आमची कुलदेवता. नणंदेच्या मुलाचं लग्न झाल्यापासूनची एक ओटी राहिली होती. म्हणजे आम्ही मुंबई-गोवा-कोची अशी सुट्टी घालवायला निघालो होतो आणि सासूबाई बोटीने ओटी भरायला निघाल्या होत्या.

बोटीच्या कंपनीने आधीच तीन सहलींची पत्रकं पाठवली होती. एक पणजी, मिरामार आणि दोना पावलाची. दुसरी जुने गोवे आणि मंगेशीची. तिसरी मसाल्याच्या बागेची, जेवणासकट. कवळे एकातही नाही. दुसरीतली बस मंगेशीपर्यंत जाऊन परत फिरते आणि तिथून कवळे फार तर वीस-पंचवीस मिनिटांवर. मी फोन करून विचारलंही, की आम्हाला मंगेशीला सोडून येताना घ्याल का. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की तसं करता येत नाही, गेलेली माणसं मोजून परत आणावी लागतात.

नवऱ्याचं मत बसच्या बाजूने होतं आणि त्याला कारणही सबळ होतं. कंपनीच्या सहलीची बस वाटेत अडकली तर बोट तिच्यासाठी थांबते. तुम्ही स्वतःच्या गाडीने गेलात आणि उशीर झाला, तर बोट ठरल्या वेळी निघून जाते. मग तुम्ही धक्क्यावर, कपडे आणि औषधं केबिनमध्ये, आणि पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जा. आमच्या बाबतीत ते पुढचं बंदर कोची होतं. "आईला घेऊन मडगावहून रात्रीच्या गाडीने कोचीला जाशील?" त्याने विचारलं. तो बँकेत ऑडिटला आहे, त्याला सगळीकडे जोखीम दिसते. पण इथे ती होतीच, हे मला मान्य करावं लागलं.

शेवटी फाळणी झाली. तो आणि आमचा अकरावीतला चिरंजीव बसने जुन्या गोव्याला, मी आणि सासूबाई गाडीने कवळ्याला. बसचे दोघांचे पैसे आणि गाडीचे दिवसभराचे पैसे जवळपास सारखेच झाले, त्यामुळे पैशाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. गाडीत चारजण असते तर गाडी स्वस्त पडली असती. एकटा माणूस असेल तर बस.

गाडी आधीच ठरवली होती. गोव्यात मुंबईसारखं ओला-उबर नाही, उतरून बघू म्हणून चालत नाही. वास्कोत नवऱ्याचा चुलतभाचा असतो, त्याने एका ओळखीच्या ड्रायव्हरचा नंबर दिला. त्यांच्याशी फोनवर बोलताना मी तीन गोष्टी पक्क्या केल्या. थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत. वाटेत काजूच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानात थांबायचं नाही. आणि दुपारी साडेतीनला बंदराच्या गेटावर. बोटीचं 'सगळे आत' साडेचारला होतं, पण मी त्यांना साडेतीनच सांगितलं. ही एक लबाडी सगळ्यांनी करावी.

मुंबईला बॅलार्ड पियरवर चढतानाच पहिला खोळंबा झाला. सासूबाईंच्या पिशवीत खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ. यंत्रातून पिशवी गेली आणि नारळ बाहेर काढला गेला. बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही. "खाणा नाय ता, ओटी हा," सासूबाई म्हणाल्या. सिक्युरिटीवरचा मुलगा उत्तरेकडचा, त्याला एक अक्षर कळलं नाही, पण त्याने हात मात्र जोडले. नारळ राहिला. तांदूळ पावडरच्या डबीत होते, ते सुटले.

रात्री आम्ही डेकवर बसलो होतो. किनारा दिसत नव्हता, फक्त लांबवर ट्रॉलरचे दिवे. सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायच्या. त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. पाढा म्हणावा तसं. बरीचशी बंदरं उथळ, मग बोट बाहेर समुद्रातच उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. लाट वर आली की खलाशी पोराला काखेत धरून पडावात टाकायचा, आई मागून उडी मारायची. "तेव्हा कोण विचारी नाय, सहल होयी की काय," त्या म्हणाल्या. ती सगळी बंदरं झोपेत मागे पडली, आमची बोट कुठेच थांबली नाही. आणि हो, त्यांना बोट लागली नाही. मला लागली.

सकाळी पडदा उघडून चिरंजीव म्हणाला, "हे गोवा?" समोर माड नव्हते, वाळू नव्हती. क्रेन होत्या आणि कोळशाचे ढीग होते. मुरगाव हे झुआरीच्या मुखाशी असलेलं कामाचं बंदर आहे, तिथे बोट लागते म्हणजे मालवाहू जहाजांच्या शेजारी लागते. धक्क्यावरून गेटापर्यंत पायी सोडत नाहीत. बंदराची बस नेते. गेटावर सीआयएसएफचे जवान बोटीचं कार्ड आणि आधार दोन्ही बघतात. कंपनीच्या सहलीच्या बसगाड्या मात्र थेट शिडीखाली उभ्या होत्या. नवरा आणि चिरंजीव छातीवर नंबराचे स्टिकर लावून खिडकीतून हात हलवत गेले. आम्ही बंदराच्या बसची वाट बघत उन्हात वीस मिनिटं उभ्या. सासूबाईंचा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता, पण त्या बोलल्या नाहीत.

गेटाबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा होता. त्यातून आमचे ड्रायव्हर पुढे आले. साठीच्या घरातले, पांढरा शर्ट, डॅशबोर्डवर देवीची छोटी तसबीर. गाडीत बसल्या बसल्या सासूबाईंनी नारळाची कथा सांगितली. त्यांनी काही न बोलता वास्कोच्या बाजारात गाडी कडेला लावली, स्वतः उतरले आणि चांगला शेंडीवाला नारळ कानाशी हलवून, पाणी ऐकून घेऊन आले. पैसे घ्यायला तयार नव्हते. बसमध्ये बसलो असतो तर हे झालं नसतं, असं म्हणायचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर बसमध्ये बसलो असतो तर नारळाची गरजही पडली नसती.

पुढचा तास मात्र मी विसरणार नाही. विमानतळ मागे टाकून आम्ही सांकवाळला आलो, तेव्हा ड्रायव्हर म्हणाले, "हांगाचो नृसिंह वेलिंगाक गेला." मग कुठ्ठाळी. "हांगाचो मंगेश. प्रियोळाक गेला." मग गाडी जरा हळू करून उजव्या हाताला बोट दाखवलं. "ही केळशी. तुमची देवी हांगाची."

मी आयुष्यात एवढीच केळशी ऐकली होती, जी दापोलीजवळ आहे. ही दुसरी. १५६०च्या दशकात पोर्तुगीजांनी गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा इथल्या गावकऱ्यांनी मूर्ती उचलल्या आणि झुआरी ओलांडून पलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात नेल्या. पलीकडचा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो थेट १७६३ला, दोनशे वर्षांनी. सांकवाळचा नृसिंह वेलिंगला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळातल्या मंगेशीला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. मी ही देवळं वेगवेगळी पाहिलेली होती, पण ती सोडून आलेली गावं अशी एका रस्त्यावर, बंदरापासून तासाभराच्या अंतरात, ओळीने लागतात हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी केळशीच्या दिशेने हात जोडले आणि रात्रीच्या बंदरांसारखंच पुटपुटायला लागल्या: सांकवाळ, कुठ्ठाळी, केळशी, वेर्णा.

बोरीच्या पुलावरून झुआरी ओलांडली. नदी तिथे रुंद आणि संथ आहे. ड्रायव्हरनी काच खाली केली. कोणी काही बोललं नाही.

कवळ्याचं देऊळ मी मागे पाहिलं होतं ते लग्नानंतरच्या घाईत, त्यामुळे या वेळी नीट पाहिलं. तांबूस भिंती, उतरती कौलं, वर घुमट, पुढ्यात दीपस्तंभ आणि बाजूला पायऱ्यांचा तलाव. आजचं देऊळ १७३८च्या सुमाराचं, शाहू महाराजांच्या दरबारातल्या नारोराम मंत्र्यांनी बांधवलेलं. ते मूळचे कोचऱ्याचे, वेंगुर्ल्याजवळचे. हे सासूबाईंनी मला दरवर्षी सांगितलेलं आहे, त्या दिवशी तिथल्या भटजींनाही सांगितलं. भटजींनी नव्याने ऐकत असल्यासारखी मान डोलावली.

ओटी भरताना त्यांनी पावडरची डबी उघडली. तांदळाला गुलाबाच्या पावडरचा वास होता. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तिका चलता." त्यांनी ओंजळ भरली, वर नारळ ठेवला. हात थरथरत होते म्हणून मी खालून धरले. पाच-सात मिनिटांचं काम. त्यासाठी समुद्रातून आलो होतो.

मग फोंड्यात जेवलो. ड्रायव्हरनी नेलं ती जागा म्हणजे एका घराची पडवी, सहा टेबलं, भिंतीवर कॅलेंडर. सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, सुक्या सुंगटांचं किसमूर, बांगड्याचं कालवण, सोलकढी. सासूबाईंनी हुमणाचा पहिला घास घेऊन निर्णय दिला की खोबरं ताजं आहे. बांगड्याच्या कालवणात तिरफळं कमी आहेत. वाढणाऱ्या बाईंनी आतून चार तिरफळं वाटीत आणून दिली. ड्रायव्हर आमच्याच टेबलावर बसले, सासूबाईंनीच बसवलं.

परत येताना मात्र माझा जीव वर-खाली झाला. सव्वादोनला निघालो, आरामात पोचायला हवं होतं. वास्कोच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झाला होता आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या ठप्प. अर्धा तास. ड्रायव्हर "भियेनाका" म्हणत होते आणि मी फोनमध्ये मडगावहून कोचीच्या गाड्या बघत होते. नवऱ्याचा मेसेज आला: "आम्ही पोचलो. तुम्ही?" मी उत्तर दिलं नाही. सकाळच्या पत्रकावर बोटीच्या इथल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो मी काढून ठेवला होता. तो उघडून बोट त्यावर ठेवून बसले होते. शेवटी ड्रायव्हरनी गाडी एका वाडीत घातली, कोणाच्या तरी अंगणासमोरून, तुळशीवृंदावनाला वळसा घालून, आणि आम्ही पलीकडे निघालो. गेटावर पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. पण गाडीला आत सोडत नाहीत. मग पुन्हा बंदराच्या बसची वाट. शिडीपाशी आलो तेव्हा चार वाजून सतरा मिनिटं. सांगितलेल्या साडेतीनने खऱ्या साडेचारपासून तेरा मिनिटांनी वाचवलं.

गेटावर उतरताना सासूबाईंनी प्रसादाच्या नारळाची अर्धी वाटी ड्रायव्हरना दिली. दुसरी अर्धी पदराखाली धरून शिडी चढल्या. यंत्रापाशी तोच उत्तरेकडचा मुलगा. त्याने पदराकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

संध्याकाळी दोन्ही पक्षांनी आपापली बाजू मांडली. नवऱ्याच्या म्हणण्यानुसार जुन्या गोव्यातली बॉम जेझूस बासिलिका, सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी आणि जांभ्या दगडाची उघडी भिंत हे पाहण्यासारखं होतं, गाइड अभ्यासू होता, आणि बसमध्ये एसी उत्तम होता. चिरंजीवाच्या म्हणण्यानुसार तिथल्या चाळीस मिनिटांतली वीस एका काकांना शोधण्यात गेली, जेवणाला पनीर आणि नूडल्स होते, आणि काजूच्या दुकानात देवळापेक्षा जास्त वेळ थांबवलं. दोघेही खरंच बोलत होते. घामाघूम न होता, घड्याळाकडे न बघता, बोटीच्या शिडीपासून शिडीपर्यंत ते गेले आणि आले. मला त्या ट्रेलरमागे उभ्या असताना त्यांचा हेवा वाटला होता, हेही मी कबूल केलं.

"मग कोचीला गाडी सांगायची का?" नवऱ्याने चिडवायला विचारलं.

सासूबाई खोबऱ्याचा तुकडा चावत होत्या. "कोचीक माझा काय काम आसा?" त्या म्हणाल्या. "थय बस बरी."

कोचीला पोचलो त्या सकाळी त्या सगळ्यांच्या आधी शिडीखाली उतरल्या. गाइडकडून १७ नंबरचा स्टिकर छातीवर लावून घेतला आणि पुढची खिडकी पकडली.