सत्तावन्न दिवसांचा हिशेब

अपॉइंटमेंट लेटरवर सही करताना ९० दिवसांचा नोटीस पीरियड कोण वाचतं? नवी कंपनी म्हणाली, महिन्याभरात या, नाहीतर दुसरा बघतो. महापेच्या ऑफिसात राजीनामा मेल केला आणि बावीस दिवस काम करून शेवटची तारीख कळवून टाकली.

एचआर मॅडम आधी गोड होत्या. मग म्हणाल्या, "असं मध्येच जाता येत नाही. अ‍ॅब्स्कॉन्डिंग लावू, पीएफ अडकेल." पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. पण न सांगता गायब होणं वेगळं आणि मेलवर तारीख देऊन जाणं वेगळं. शिवाय पीएफ आपल्या नावावरचा, तो नोटीसच्या पैशात वळता करता येत नाही. म्हटलं, "मॅडम, किती कापणार तेवढं लेखी द्या."

हिशेबाची शीट आली ती घणसोलीला गाडीत उभ्यानेच उघडली. उरलेले ६८ दिवस, त्यातून शिल्लक रजा ११ वजा, राहिले ५७. इथवर बरोबर. पण दिवसाचे १६०० लावलेले, म्हणजे ग्रॉसवर, भत्त्यांसकट पूर्ण पगारावर. वर १८ टक्के जीएसटी. एकूण १,०७,६१६! माझ्या लेटरमध्ये स्पष्ट 'बेसिक', म्हणजे फक्त मूळ पगार, लिहिलंय. बेसिक २४ हजार, म्हणजे दिवसाचे ८००. आणि नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे सरकारच्या ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरमध्येच आहे. लेटरचं ते पान आणि सर्क्युलर दोन्ही जोडून, एकही टोमणा न मारता मेल केला. चार दिवस शांतता. मग नवी शीट: ४५,६००. शेवटच्या पगारातून काही वळते झाले, बाकीचे मी भरले. नव्या कंपनीकडून ते मिळवायला विसरलो, ही चूक माझी. ऑफर घेतानाच बोलायला हवं होतं.

लॅपटॉप देताना मात्र पोचपावती घेतली, चार्जरसकट. वॉचमनकाका हसले, "साहेब, चार्जरची पण?" हो, चार्जरची पण.

रिलीव्हिंग लेटर महिन्याने आलं. पीएफला एक्झिटची तारीख त्यांनी टाकलीच नव्हती. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटले की ती पीएफच्या यूएएन पोर्टलवर स्वतःला टाकता येते, आधारच्या ओटीपीने. दोन महिने थांबलो आणि एका रविवारी चहा गार होईपर्यंत ते काम उरकलं.